पाचव्या चाळीसचं नाव

आमच्या हर्षदसारखा माणूस मांडवीत दुसरा झाला नाही. भाऊ म्हणून सांगत नाही, भाऊ नसतो तरी हेच सांगितलं असतं. मी खंडू तांडेल. सातवीतून शाळा सोडली ती थेट होडीवर चढलो, आणि आज या खाडीत माझ्यासारखी होडी चालवणारा दुसरा तांडेल मला कोणी दाखवावा. तरी तांडेल काय, बंदरावर चार मिळतील. घरात खुर्चीवर बसून, समुद्राकडे पाठ करून, सगळ्यांच्या होड्या सुखरूप खाडीत आणणारा एकच होता. तो माझा भाऊ.

तो माझ्याहून बराच लहान. मधली भावंडं राहिली नाहीत, त्यामुळे घरात त्याचं कौतुक फार. आमचा बापूस गंगाराम तांडेल. त्याचं नाव काढलं की जेटीवरची म्हातारी माणसं आजही बिडी मागे धरतात. बापसाला वाटलं होतं, दोन पोरगे म्हणजे दोन होड्या. पण हर्षदला समुद्र लागायचा. पहिल्यांदा होडीवर घेतला तर खाडीचं मुख ओलांडायच्या आत ओकला. दुसऱ्यांदा घेतला तर होडी जेटीला बांधलेली होती, तेव्हाच ओकला. खलाशी हसून लोळले. एक म्हणाला, "गंगारामदादा, ह्याला वाण्याकडे ठेवा, डाळ तोलील." बापूस हसला नाही. घरी येऊन आवशीला एवढंच बोलला की हा शिकेल. आमच्या घरात बापूस बोलला म्हणजे ठरलं.

आणि शिकला म्हणजे कसा शिकला. इथेच रत्नागिरीत कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, काही वर्षं मुंबईत नोकरी केली, आणि परत आला. मुंबईच्या बांगड्याला चव नाही, हे त्यानं लोकांना सांगितलेलं कारण. खरं कारण रुचिरा. तिचं माहेर वर काजळी नदीच्या काठाला, आणि तिला मुंबई नको होती. मग मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका ऑफिसात लागला.

आता बापसाची एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मासळी कुठे बसते, पाण्याखाली खडप कुठे आहे, जाळं कुठे फाटतं, हे तांडेलाचं खरं धन. पूर्वी डोंगर आणि देवळाचा कळस बघून जागा ओळखायचे. मग होडीवर जीपीएसची मशीन आली, जागा तिच्यात साठवता यायला लागली. बाकीचे तांडेल मशीनवर जागेचं नाव टाकत. सुरमईची जागा, मोठा खडप, कोणी तर बायकोचं नाव टाकलेलं. आमच्या मशीनवर नुसते आकडे. का, तर खलाशी दर हंगामाला होडी बदलतो. नाव वाचलं की त्याच्या डोक्यात राहतं आणि दुसऱ्याच्या होडीवर जातं. नुसता आकडा कोणाच्या डोक्यात राहत नाही. कुठला आकडा म्हणजे काय, ते बापसाला आणि मला ठाऊक. आणि हर्षदला. समुद्रावर पाऊल न ठेवता त्या पोराला सगळे आकडे तोंडपाठ होते. बापूस संध्याकाळी पडवीत बसून आकडा म्हणायचा, हा जागा सांगायचा. मी चुकायचो, हा नाही.

आमच्या खाडीच्या मुखात वाळू भरते, हे इथे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. भरती असेल तरच होडी आत येते, आणि वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. वेळ चुकली की होडी रुतते, मागून लाट येते आणि आडवी करते. एका वर्षी माझीच होडी बसली. माझी चूक नव्हती, बंदरावर भरतीचा तक्ता लावलेला असतो त्याप्रमाणे मी आलो होतो. हर्षद त्या दिवशी किनाऱ्यावर उभा राहून बघत होता. त्याच हंगामात त्यानं प्रोग्रॅम लिहायला घेतला. ओहोटीला मी बांबू घेऊन मुखात उभा राहायचो, तो किनाऱ्यावरून विचारायचा, दादा किती, आणि मी ओरडून सांगायचो. सगळ्या तांडेलांना चहा पाजून पाजून त्यांच्या होड्या भरल्यावर पाण्यात किती खाली बसतात ते विचारून घेतलं. मग एक दिवस माझ्या फोनवर टाकून दिलं. होडीचं नाव दाबायचं, भरलेली की रिकामी ते दाबायचं, आणि आत यायची वेळ समोर. पहिल्यांदा लोक हसले, म्हणाले हर्षद ओकतो किनाऱ्यावर आणि वेळ सांगतो आम्हाला. मी त्याच वेळेला होडी आत घातली. वाळूला घासली पण नाही. पुढच्या वर्षी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या सगळ्या होड्या त्याच्या वेळेवर यायला लागल्या. त्यानंतर हर्षद असेपर्यंत आमच्या सोसायटीची एकही होडी मुखात आडवी झाली नाही. दुसऱ्या कुठल्या घराण्यानं असं काही केलंय, सांगा.

दुखण्याची सुरुवात जेवताना झाली. रुचिरा वाढत होती, आणि हर्षदनं तिच्याकडे ते मागितलं, ते आंबट, आमटीतलं. आमसूल म्हणायचं होतं. आम्ही हसलो. काही दिवसांनी फोनवर एका तांडेलाला सांगताना त्याला सुकती हा शब्द आठवेना. पाणी जातं ते, पाणी जातं ते, असं म्हणत राहिला. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात, खाडीकाठच्या माणसाला झोपेत विचारा. मी त्याला चिडवलं, "जल्ला मेल्या, मुंबईचा झालास काय?" तो हसला नाही. माझ्याकडे नुसता बघत राहिला.

मुंबईला नेलं. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टरांनी उघडून काढता येईल तेवढी काढली आणि सगळी निघणार नाही हे आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. गाठ जिथे आहे तिथे माणसाचे शब्द असतात म्हणाले. वस्तू ओळखेल, वापरेल, पण तिचं नाव ओठावर येणार नाही. आकडे त्यामानाने जास्त दिवस टिकतील. आणि तसंच झालं. चमच्याला चमचा म्हणता येईना, पण गाड्यांचे नंबर, फोन नंबर धडाधड म्हणायचा. मला दादा म्हणणं गेलं. हाक मारायची असली की माझ्या शर्टाची बाही ओढायचा.

शिमग्याच्या आधी सोसायटीची बैठक झाली. चेअरमन वाईट माणूस नाही, पण त्याला उरकायची घाई. म्हणाला, हर्षदची तब्येत अशी, वाळू दर वर्षी सरकते, आकडे दर वर्षी बदलावे लागतात, ते आता कोण बदलणार. चुकीची वेळ सांगणाऱ्या मशीनपेक्षा मशीन नसलेली बरी. बंद करू, बाहेरून काही तयार मिळतं का बघू. हर्षद माझ्या शेजारी बसला होता. त्याला सगळं समजत होतं, शब्दच येत नव्हते. त्यानं लॅपटॉप उचलला आणि चेअरमनच्या पुढ्यात नेऊन ठेवला. परत घेईना. हात जोडले नाहीत, रडला नाही. नुसता लॅपटॉपवर हात ठेवून उभा. त्याला आयुष्यात आता एवढंच हवं होतं, की तो गेल्यावर प्रोग्रॅम चालावा. मी उठून सांगितलं, हंगाम सुरू व्हायच्या आत दुसरं माणूस तयार असेल. गंगाराम तांडेलाच्या घरातला शब्द आहे. चेअरमननं मान्य केलं.

दुसरं माणूस म्हणजे मनस्वी. मिरजोळ्याच्या ऑफिसात हर्षदच्या हाताखाली शिकलेली मुलगी, त्याला सर म्हणायची, मला खंडूकाका. तिनं आमच्या पडवीत बसून प्रोग्रॅम उघडला आणि बराच वेळ नुसती खाली-वर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, ह्यात सगळे नुसते आकडेच आहेत."

मी म्हटलं, असणारच, ही आमच्या घरची रीत आहे. चोरून नेलं तरी कोणाला कळणार नाही. तिला बापसाच्या मशीनची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, आमच्या धंद्यात ह्यांना जादूचे आकडे म्हणतात, आणि हे चांगलं म्हणून नाही म्हणत. जादू करणारा असेपर्यंत चालतं. मग तिनं मला समजावलं. प्रत्येक आकडा कशाचा आहे ते नाव त्याला द्यायचं, वरती एकाच जागी लिहून ठेवायचं, आणि खाली जिथे जिथे तो आकडा आहे तिथे त्याच्याऐवजी नाव घालायचं. वाळू सरकली की वरच्या एका जागी आकडा बदलायचा, खाली आपोआप सगळीकडे बदलतो. आणि मुख्य म्हणजे पुढच्या माणसाला वाचून कळतं. मी आजही सांगतो, समुद्रावर बापसाचीच रीत खरी. पण मशीनचं वेगळं असेल, मनस्वी हुशार मुलगी आहे.

हर्षद ऐकत होता. मनस्वीचं बोलून झाल्यावर त्यानं एका आकड्यावर बोट ठेवलं आणि माझी बाही ओढली.

तेव्हापासून आम्ही रोज दुपारी पडवीत बसायला लागलो. हर्षद आकड्यावर बोट ठेवायचा, तो कशाचा ते करून दाखवायचा, मी ओळखायचो आणि मनस्वी टाइप करायची. नावं मराठीच ठेवली, अक्षरं तेवढी इंग्रजी, सगळी मोठ्या लिपीत, शब्दांच्या मधे खालची रेघ. इंग्रजी नाव ठेवलं तर उद्या आमचाच पोरगा उघडून बघेल आणि त्याला कळणार नाही, हे माझं म्हणणं. मनस्वीनं ते ऐकलं.

मजा पण यायची, खोटं कशाला बोलू. पहिला आकडा त्यानं दाखवला तो असा: भाकरीचा मोठा घास तोंडात कोंबला, पोट पुढे काढलं आणि खुर्चीवर धपकन बसला. मनस्वीला वाटलं भूक लागली. मी ओळखलं, भरलेली होडी किती खाली बसते तो आकडा. नाव ठेवलं, भरल्या होडीचं बूड. रुचिरा आतून बाहेर येऊन म्हणाली, "दादा, ह्यांना असं काय काय करायला लावू नका, घास अडकेल." हर्षदनं तिच्याकडे बघून परत पोट पुढे काढलं. त्या दिवशी ती पुष्कळ दिवसांनी हसली. दुसऱ्या एका आकड्यासाठी तो पायरीवर तळपाय घासत राहिला. वाळूला होडी घासू नये म्हणून खाली ठेवायचं जास्तीचं पाणी. असं एकेक करत बहुतेक आकड्यांना नावं मिळाली. नाव बरोबर आलं की तो माझं मनगट दाबायचा. दाबेपर्यंत मनस्वी पुढे जायची नाही.

मग चाळीस आला.

चाळीस हा आकडा प्रोग्रॅममध्ये पाच जागी होता. पहिल्या जागेचं हर्षदनं दाखवलं आणि मी लगेच ओळखलं. तक्त्यात लिहिलेली भरतीची वेळ बंदरावरची. मुखाच्या आत पाणी पोचायला चाळीस मिनिटं उशीर. मनगट दाबलं. नाव ठेवलं, मुखाचा उशीर. मनस्वीनं एकदम पाचही जागी ते नाव घालायला घेतलं, तर हर्षदनं टेबलावर हात आपटला. चहाचा कप पडला. तो पाचव्या चाळीसवर बोट ठेवून मान हलवत होता. चार त्याच नावाचे, पाचवा नाही. आकडा तोच, गोष्ट वेगळी.

मनस्वीनं पाचवी जागा नीट वाचून मला सांगितली. होड्यांची माहिती जिथे भरतात तिथे एक तिसरा खाना आहे. त्या खान्याला नाव नाही. पावसाळ्याच्या दिवसांत हर्षद रोज सकाळी स्वतःच्या फोनवरून त्यात काहीतरी आकडा भरायचा, दिवाळीनंतर भरलेलं काही नाही, सगळी शून्य. तो आकडा मोठा असला की प्रोग्रॅम आत यायच्या वेळेत आणखी चाळीस मिनिटं मिळवतो. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नाही.

हर्षदनं उजवा हात पुढे सरकवला, डावा समोरून आणला, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून वर उचलले. परत परत तेच. मी म्हटलं, दोन होड्या समोरासमोर. एक आत येते, एक बाहेर जाते, म्हणून थांबायचं. त्यानं मान हलवली. नाही. परत तळवे दाबले. मी परत होड्याच म्हटलं, कारण मुखात तसं होतं, मी रोज बघतो. तो उठला, चपला घातल्या आणि चालायला लागला.

आम्ही मागून गेलो. मांडवीच्या जेटीच्या टोकाला जाऊन तो उभा राहिला. समुद्र तेलासारखा शांत, मार्चचा. त्यानं मुखाकडे हात केला, मग मागे खाडीकडे हात केला, आणि परत ते तळवे. मुखात बघण्यासारखं काही नव्हतं. दोन होड्या खरोखरच समोरासमोर येत होत्या, मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "ह्याच ना रे?" त्यानं माझं मनगट धरलं, पण दाबलं नाही. धरून ठेवलं नुसतं. मग तिथेच दगडावर बसला. मनस्वी म्हणाली, राहू दे काका, आज राहू दे.

नंतरही त्यानं पुष्कळदा प्रयत्न केला. घमेल्यात पाणी घेतलं, काठीनं मातीत रेघा काढल्या. मी चक्रीवादळापासून सरकारी बोटीपर्यंत सगळं बोलून बघितलं. एप्रिलमध्ये उजवा हात गेला आणि दाखवणंही गेलं. डोळे तेवढे बोलायचे, आणि डोळ्यांचं मला वाचता येत नाही. मे महिन्यात, सगळी रत्नागिरी आंब्याच्या पेट्या भरण्यात होती तेव्हा, हर्षद गेला. दुपारी, पडवीत, माझी बाही त्याच्या डाव्या हातात. पाचव्या जागी चाळीस तसाच उघडा राहिला. मी मनस्वीला म्हटलं होतं, हर्षदचंच नाव दे त्याला. ती नको म्हणाली. तो काय करतो ते नावानं सांगायला हवं, नाहीतर पुढच्याला परत जादूच, असं म्हणून ती रडली.

चेअरमनला मी सांगितलं, प्रोग्रॅम तयार आहे. मनस्वीनं मुखात बांबू टाकून घेतलेले नवे आकडे वरती एकाच जागी बदलले, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या बाहेर पडल्या. पहिले काही दिवस सगळं व्यवस्थित. मी छाती काढून जेटीवर फिरत होतो.

मग पाऊस लागला. वर डोंगरात जास्त, आमच्याकडे मधून मधून. आम्ही मासळी घेऊन परत येत होतो, फोननं वेळ दिली, त्या वेळेला आम्ही मुखाशी. आमच्या सोसायटीतल्या सोनू तांडेलाची होडी माझ्या पुढे होती. भरती चढत होती, पाणी भरपूर होतं, आणि तरी मुखात लाटा उभ्या राहिलेल्या. नुसत्या येऊन फुटत नव्हत्या, जागच्या जागी उभ्या. सोनूनं होडी घातली आणि ती तिथेच फिरली. दोन खलाशी पाण्यात गेले. दोरी टाकून कसेबसे ओढून घेतले, सुकाणू मोडलं, पण माणसं वाचली. मी माझी होडी बाहेरच थांबवली. खलाशी ओरडत होते, तांडेल, वेळ झाली, वेळ झाली. मी समोर बघत होतो.

खाडीतून तांबडं पाणी येत होतं. वरचा लोंढा, नदीचा, जांभ्याची माती घेऊन आलेला. आणि समोरून समुद्राची हिरवट भरती. दोन्ही मुखात येऊन एकमेकांना भिडत होती आणि वर उचलली जात होती.

तळवे.

मी इंजिन हळू ठेवून तिथेच राहिलो. भरती चढत गेली, तिनं तांबडं पाणी मागे रेटलं, आणि लाटा बसल्या. पाऊण तासाला थोडं कमी. मग मी होडी आत घातली, एक थेंब आत आला नाही. खलाशी माझी तारीफ करत होते. मी आपलेच तळवे बघत होतो, त्यांना वाटलं मी घाबरलो.

ओल्या कपड्यांनीच मिरजोळ्याला गेलो. ऑफिसातले लोक नाकाला हात लावत होते, लावू देत. मनस्वीला सांगितलं, तिसरा खाना म्हणजे नदीचं पाणी. वर नदी चढली की आत यायला थांबायचं, पाचवा चाळीस त्याचा. ती ऐकत राहिली. मग तिनं नाव टाइप केलं, लोंढ्याचं थांबणं, आणि त्याच्यापुढे एक ओळ लिहून शेवटी प्रश्नचिन्ह घातलं.

"हे कशाला?" मी विचारलं. "माझ्यावर विश्वास नाय?"

ती म्हणाली, "आकडा सरांचा आहे काका, तो बरोबरच असणार. नाव आपण दिलंय. सरांनी हो म्हटलेलं नाही."

मला राग आला. मग तिनं विचारलं की रोज सकाळी नदी किती चढली हे सरांना घरबसल्या कळायचं कसं. तो खाना कोणीतरी भरायला हवा ना. ते मला ठाऊक नव्हतं.

घरी आलो. रुचिरा पडवीत तांदूळ निवडत बसली होती. सोनूच्या होडीचं तिच्या कानावर आलं होतं. मी तिला सगळं सांगितलं, तांबडं पाणी, हिरवं पाणी, आणि विचारलं, हर्षद पावसाळ्यात सकाळी कोणाशी बोलायचा काय.

"माझ्या बाबांशी," ती म्हणाली. "रोज. घराखालच्या पुलाला पाणी किती लागलंय ते विचारायचे. मला वाटायचं, त्यांच्या काळजीनं विचारतात. मी बाबांना सांगायचे, बघा, जावई असा पाहिजे." ती थोडं हसली. मग तिचे हात तांदळात थांबले.

"दादा, भरती पुढून येते आणि नदी मागून, असंच ना?"

मी हो म्हटलं.

"एप्रिलमध्ये ते मोरीत जाऊन नळ सोडायचे," ती म्हणाली. "खाली बादली भरलेली असायची. नळाच्या धारेखाली डाव्या हातानं तांब्या धरायचे आणि खालून वर पाणी उडवायचे, धारेवर. सगळी मोरी भिजायची. मला डोळ्यांनी दाखवायचे, बघ, बघ, असं. मला वाटलं डोकं गेलं. मी नळ बंद करायचे. एकदा ओरडले पण त्यांच्यावर. एक दिवसाआड पाणी येतं आणि तुम्ही काय करताय, असं."

तांदळाचं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"रुचिरा," मी म्हटलं, "एप्रिलचं पाणी होतं. कोणीपण बंद केला असता. मी केला असता."

तिनं उठून बाबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. म्हाताऱ्याला मी सांगितलं, उद्यापासून रोज सकाळी पुलाचं पाणी मला सांगायचं. तो म्हणाला, जावई विचारायचे तसंच ना, सांगीन की.

मग मी मनस्वीला फोन केला. तिला म्हटलं, ते प्रश्नचिन्ह काढ.

"कसं कळलं, काका?"

"हर्षदनं सांगितलं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.